दर महिन्याला आढावा : आकांक्षित धाराशिव

- कार्यक्रम : आकांक्षित जिल्हे कार्यक्रम. सुरुवात जानेवारी 2018. देखरेख नीती आयोगाची. देशभरातील 112 जिल्हे.
- महाराष्ट्रातील जिल्हे : धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद), नंदुरबार, गडचिरोली, वाशिम.
- मोजमाप : 5 क्षेत्रे, 49 निर्देशक. भारांक असा : आरोग्य व पोषण 30 टक्के, शिक्षण 30, शेती व जलस्रोत 20, आर्थिक समावेशन व कौशल्यविकास 10, पायाभूत सुविधा 10.
- डेल्टा क्रमवारी : जिल्हा एकूण कुठे आहे, हे यात मोजत नाहीत. ठरावीक काळात तो किती पुढे सरकला, हे मोजतात. त्यामुळे मागे असलेला जिल्हाही वरचा क्रमांक मिळवू शकतो.
- देखरेख आणि आढावा : देखरेखीत आकडे नोंदवले जातात. आढाव्यात कामाची पद्धतच तपासली जाते. उदा. गर्भवतींची पहिल्या तिमाहीतील नोंदणी हा एक निर्देशक. आकडा अडला, तर नोंद कोण करते, कधी करते, कुठल्या टप्प्यावर राहते, हे पाहून पद्धत बदलायची.
- सुधारणेचे चक्र : पद्धत अशी बदलत राहण्याचा क्रम. आखणी, अंमल, तपासणी, दुरुस्ती, आणि पुन्हा आखणी. पाया वॉल्टर श्यूहार्ट यांचा, प्रसार डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी केला. डेमिंग यांची जपानमधील गाजलेली व्याख्याने 1950 ची.
- कायझेन : जपानी शब्द. अर्थ सुधारणा. उद्योगात रूढ अर्थ : लहान, पण सतत होणारे बदल.
- आयएसओ 9001 : गुणवत्ता व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक. पहिली आवृत्ती 1987. ठरावीक अंतराने व्यवस्थापनाने आढावा घेणे त्यात बंधनकारक.