तार किती लांबून येते?

घरी इंटरनेट घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती रुपयांत किती एमबीपीएस? टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणाऱ्या डीएसएलला हा प्रश्न विचारून फारसं काही हाती लागत नाही. योजना कागदावर कितीचीही असो, वेग ठरतो तो तुमच्या घरची तार एक्स्चेंजपासून किती फिरून येते आणि वाटेत तिचे किती जोड भिजलेले आहेत, यावर. एडीएसएल२+ या तंत्राची कमाल मर्यादा २४ एमबीपीएस. ती एक्स्चेंजच्या शेजाऱ्यांसाठी. चार-पाच किलोमीटरवर दोन-तीन मिळाले तरी नशीब म्हणायचं.

चंद्रपुरात पठाणपुरा दरवाज्याच्या आतल्या बाजूला, गोंडकालीन परकोटाच्या सावलीतलं एक घर. निवृत्त गुरुजी आणि त्यांची सून, दोघांचं एकमत होईना. गुरुजींना लँडलाईन आणि तिच्यावरचं ब्रॉडबँड सोडायचं नव्हतं. सुनेला नागपूरच्या ऑफिसच्या मीटिंगा घरून करायच्या होत्या. लाईनमन येणार होता, म्हणून मीही जाऊन बसलो.

त्यानं मॉडेमकडे पाहिलंच नाही. आधी भिंतीवरचा रोझेट उघडला. आतून दोन जादा तारा निघाल्या होत्या, एक आतल्या खोलीतल्या फोनला आणि दुसरी कशालाच नाही. कुणी तरी कधी तरी काढून तशीच ठेवलेली. "हे पाहा जी, लाईन इथंच वाटली जाते," म्हणत त्यानं दोन्ही सोडवल्या. आवाज जातो ३४०० हर्ट्झच्या आत आणि इंटरनेट २५ हजार हर्ट्झच्या वर, म्हणून एकाच तारेवर दोन्ही सुखानं नांदतात. मात्र प्रत्येक फोनच्या आधी फिल्टर हवा. आतल्या खोलीतल्या फोनला तो नव्हता. मग त्यानं टेस्ट फोन लावून एकच आकडा दाबला. डायल टोन थांबते, आणि त्या शांततेत तार कशी आहे ते ऐकू येतं. खरखर असेल तर कुठला तरी जोड ओला आहे. इथे खरखर नव्हती. पण हा मे महिना होता आणि लाईनमनही तेच म्हणाला, "उन्हाळ्यात सगळ्याच पेअर चांगल्या. पाणी आलं का खरं कळते."

त्यानंतरचं काम मला सगळ्यांत आवडलं. एक्स्चेंजमधल्या जोडीदाराला त्यानं मोबाईलवरून सांगितलं, तिकडे जंपर काढून पेअरची, म्हणजे तारांच्या जोडीची, दोन टोकं एकमेकांना जोडली गेली, आणि इकडे यानं मल्टिमीटर लावला. आकडा साडेतीनशे ओहमच्या आसपास स्थिरावला. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याची जोडी जाऊन-येऊन किलोमीटरला साधारण पावणेदोनशे ओहम दाखवते. म्हणजे तार दोन किलोमीटर. गुरुजी चक्रावले. "अरे, टेलिफोन ऑफिस तर सायकलीनं पाच मिनिटांवर आहे!" ऑफिस आहे पाच मिनिटांवर, पण तार सरळ येत नाही. ती आधी कॅबिनेटला जाते, तिथून खांबावरच्या डीपीला, म्हणजे टेलिफोनच्या जोडपेटीला, तिथून घरात. अंतर नकाशावर मोजून उपयोग नाही, ते तारेवरच मोजावं लागतं.

मीटर नसलेल्यांनाही हे कळू शकतं. मॉडेमच्या पानावर, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ या पत्त्यावर, लाईन अ‍ॅटेन्युएशन नावाचा आकडा असतो. किलोमीटरमागे साधारण चौदा डेसिबल धरायचे. गुरुजींकडे २८ होता, हिशेब जुळला. तिशीच्या आत असेल तर तार राखण्यालायक, पन्नाशीच्या पुढे असेल तर नवं मॉडेम घेऊन पैसे घालवू नयेत. दुसरा आकडा एसएनआर मार्जिन, म्हणजे गोंगाटाच्या वर सिग्नल किती उरला ते. तो सहाच्या खाली आला की लाईन सारखी तुटते.

इथे विदर्भ आडवा आला. मार्जिन ११ होता. गुरुजींनी उकडतं म्हणून कूलर लावला आणि तो सातवर उतरला. मॉडेम कूलरच्याच बोर्डावर, अगदी खेटून. लाईनमननं गुरुजींचा जुना ट्रान्झिस्टर मागितला, मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेल्या जागी काटा आणला आणि कूलरच्या रेग्युलेटरजवळ धरला. भरररर! एडीएसएल ज्या लहरींवर चालतं त्यांतच मीडियम वेव्हचा पट्टा येतो, त्यामुळे रेडिओला जो त्रास तोच मॉडेमला. मॉडेम दुसऱ्या भिंतीला नेल्यावर मार्जिन परत दहावर. चंद्रपुरात पारा सत्तेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा कूलर बंद करा असं कुणाला सांगणार? मॉडेम हलवणं सोपं.

एवढं करून खाली येण्याचा वेग १२ आणि वर जाण्याचा ०.९ एमबीपीएस. वाद मिटला तो या दुसऱ्या आकड्यावर. गुरुजींना वर्तमानपत्र, यूट्यूबवरची कीर्तनं आणि अमेरिकेतल्या नातवाचा फोन एवढंच हवं, त्याला हे भरपूर. पाचशे केबीचं स्कॅन केलेलं कागदपत्रही चार-पाच सेकंदांत चढतं. पण सुनेची व्हिडिओ मीटिंग चालू असताना कुणाच्या मोबाईलनं फोटोंचा बॅकअप सुरू केला की ती ०.९ ची वाट तुंबते, आणि वरची वाट तुंबली की खालचीही मंदावते. एडीएसएलचा हा जन्मजात दोष आहे. तार कितीही कोरडी असली तरी जात नाही.

२००४ च्या ब्रॉडबँड धोरणानं २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं, आणि जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलनं त्याच तांब्यावरून ही सेवा सुरू केली. २०२३ पासून किमान मर्यादा २ एमबीपीएस आहे. गुरुजींची तार आजही त्या व्याख्येत आरामात बसते. गंमत म्हणजे तार तीच राहिली, गरज बदलली.

वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत गेलं की हा सगळा ऊहापोह चैनीचा वाटू लागतो. १९८२ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातल्या कितीतरी गावांनी लँडलाईन पाहिलीच नाही, ती थेट मोबाईलवर आली. तांब्याची तार घरात असलेले लोक इथे मुळातच थोडे, आणि तालुक्याच्या ठिकाणचे. भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याची योजना आहे, पण पंचायतीपासून घरापर्यंतचं अंतर हा वेगळा प्रश्न. एटापल्ली-भामरागडकडच्या घराला डीएसएल योग्य का, हे कुणी विचारतच नाही; टॉवर दिसतो का, आणि वीज गेल्यावर त्याची बॅटरी किती टिकते, हे विचारतात.

फायबरची बाजू चंद्रपुरात भक्कम आहे. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे मृगाच्या गडगडाटात तारेवरून झटका येऊन मॉडेम जळत नाही. अंतरानं वेग घटत नाही. तांबं विकलं जातं म्हणून चोरीला जातं, काचेला भंगारवाला विचारत नाही. उणी बाजूही आहे. जेसीबीनं तांब्याची तार तोडली तर लाईनमन पिळून जोडू शकतो. काचेला स्प्लायसिंगचं यंत्र आणि ते चालवणारा माणूस लागतो. म्हणून फायबर घेताना वेग विचारण्याआधी, तुटलं तर कोण येतं आणि कधी, हे शेजाऱ्याला विचारावं.

शेवटी सुनेचंच झालं, फायबर घ्यायचं ठरलं. गुरुजींची एक अट होती, की नंबर तोच राहिला पाहिजे; ते जमतं असं लाईनमन म्हणाला. मग त्यांनी विचारलं, वीज गेल्यावर फोन चालेल ना? तांब्याच्या फोनला एक्स्चेंजची बॅटरी पुरते, फायबरच्या डब्याला घरची वीज लागते. तेव्हा फायबरसाठी भिंतीला भोक कुठे पाडायचं ते पुन्हा ठरलं: हॉलमध्ये नव्हे, इन्व्हर्टरच्या बोर्डाशेजारी.