ओळखीची पत आणि आकड्यांची पत

माजिवडा नाक्यावरील चहाच्या टपरीवर हल्ली सुट्या पैशांची कुरकुर फारशी ऐकू येत नाही. गिऱ्हाईक मोबाइल पुढे धरते, दहा-पंधरा रुपये टपरीवाल्याच्या खात्यात जमा होतात आणि एक छोटे यंत्र तसे मोठ्याने जाहीर करते. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयची ही सोय सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. तिचा दुसरा परिणाम मात्र सहसा लक्षात येत नाही. ज्याच्यापाशी ना पगारपत्रक, ना प्राप्तिकराचे विवरण, त्याच्या धंद्याची रोजची नोंद बँकेच्या दप्तरी आपोआप तयार होऊ लागली आहे. ही नोंद बँकेच्या मालकीची की टपरीवाल्याच्या, यावर बँकांमधील पुढची स्पर्धा अवलंबून राहील.

कर्ज देणाऱ्याला पैशापेक्षा माहितीची चणचण अधिक भासते. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली या अडचणीचे विवेचन केले, तेव्हा भारतातील सावकाराचेही उदाहरण घेतले होते. योगायोग असा, की त्याच वर्षी डोंबिवली नागरी सहकारी बँक स्थापन झाली. पाठोपाठ १९७२ मध्ये ठाणे जनता आणि १९७३ मध्ये कल्याण जनता या सहकारी बँका उभ्या राहिल्या. त्यांनी ही अडचण ओळखीच्या बळावर सोडविली. शाखाधिकारी कर्जदाराच्या घरच्यांना ओळखत असे. जामीनदार शेजारचेच असत. अर्थात, जो गावात नवा, त्याला जामीनदार कोठून मिळणार? शिवाय अतिपरिचयाची किंमत किती असते, हे मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या ठेवीदारांना २०१९ मध्ये कळून चुकले.

या पार्श्वभूमीवर रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये ‘अकाउंट अ‍ॅग्रीगेटर’ या नव्या संस्थेचे नियम केले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये आठ मोठ्या बँकांसह ही व्यवस्था सुरू झाली. ही संस्था टपालवाल्यासारखी असते. खातेदाराच्या संमतीने ती एका बँकेतील माहिती दुसरीकडे पोहोचविते. पाकीट फोडण्याची तिला मुभा नाही. ब्रिटनमध्ये २०१८ पासून नऊ बड्या बँकांना अशी दारे सक्तीने उघडावी लागली. आपल्याकडे सहभाग ऐच्छिक राहिला. मात्र माहिती घेणाऱ्याने स्वतःजवळची माहिती दिलीही पाहिजे, असा दंडक २०२३ मध्ये घालण्यात आला. त्यामुळे ज्या बँकेत पगार जमा होतो तिच्याच दारी कर्जासाठी जाण्याचे कारकुनाचे बंधन सैल होते. मक्तेदारी मोडण्याचा हा मार्ग स्वागतार्ह आहे, यात शंका नाही.

संमतीचे काय, हा प्रश्न मात्र तितका सरळ नाही. संमतीत हेतू आणि मुदत नमूद असते, ती मागेही घेता येते. पण चांगला हिशेब असलेले सगळेच आपले खाते दाखवू लागले, की न दाखविणाऱ्यावर आपोआप संशय येतो. ज्याला आजारपणाचा खर्च लपवावासा वाटतो त्याचा नकाराचा हक्क मग कागदावरच उरतो. मक्तेदारीही समूळ जात नाही, जागा बदलते. यूपीआयच्या व्यवहारांपैकी चार पंचमांशांहून अधिक हिस्सा फोनपे व गूगल पे या दोन अ‍ॅपनी व्यापला. तीस टक्क्यांची मर्यादा २०२० मध्येच जाहीर झाली होती; तिच्या अंमलबजावणीची मुदत पुन्हा २०२६ अखेरपर्यंत लांबविण्यात आली. नियामकाने एवढे सबुरीने का घ्यावे, हे अनाकलनीय आहे.

अशा वेळी सहकारी बँकांनी स्वस्थ बसून चालणार नाही. त्यांना तंत्रसाहाय्य देण्यासाठी मार्च २०२४ मध्ये एक राष्ट्रीय शिखर संस्था कार्यान्वित झाली, हे बरे झाले. आकडे मिळविण्यात मोठ्या बँका त्यांच्या पुढेच राहतील. पण घोडबंदर रस्त्यावर मेट्रोच्या कामासाठी पत्रे उभे राहिले, की टपरीवरची गिऱ्हाइके रोडावतात. दूरच्या कार्यालयातील यंत्राला खात्यात केवळ घसरलेली जमा दिसते. ते पत्रे रोज ओलांडून शाखेत येणाऱ्या अधिकाऱ्याला घसरणीचे कारण ठाऊक असते.