मिर्झाकीप दुलातोव : दोन राजवटींना नकोसा झालेला कवी

मिर्झाकीप दुलातोव या कझाक कवीला १९११ मध्ये झारच्या पोलिसांनी पकडलं आणि १९२८ मध्ये झारशाहीनंतर सत्तेवर आलेल्या बोल्शेविकांनी. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन राजवटींना एकच माणूस का खुपावा? तो जहाल राष्ट्रवादी होता, हे नेहमीचं उत्तर. ते मला पटत नाही, कारण दुलातोवनं झारशाहीविरुद्ध कधी शस्त्र उचलायला सांगितलं नाही. आपल्या लोकांनी वाचावं, हिशेब शिकावा, कायदा समजून घ्यावा आणि स्वतःच्या जमिनीवरचा हक्क सोडू नये, एवढंच तो आयुष्यभर सांगत राहिला. लोकांच्या अज्ञानावर चालणाऱ्या कुठल्याही सत्तेला बंडखोरापेक्षा असा माणूस जड जातो.

त्याचा जन्म १८८५ चा, तोरगाईच्या गवताळ माळरानातला. पेशानं तो शिक्षक होता. त्याच्या लहानपणी, १८९१ च्या कायद्यानं कझाकांची कुरणं सरकारी मालकीची ठरली. 'जादा' म्हणून ती काढून घ्यायची आणि रशियातून आलेल्या शेतकऱ्यांना द्यायची, असा क्रम सुरू झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या वसाहतवाल्यांची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली. १९०५ च्या क्रांतीनंतर ड्यूमा या संसदेत कझाकांना जागा मिळाल्या होत्या; १९०७ च्या निवडणूक कायद्यानं त्याही गेल्या. या पार्श्वभूमीवर १९०९ मध्ये त्याचा 'ओयान, कझाक!' म्हणजे 'जागा हो, कझाका!' हा कवितासंग्रह आला. त्यात गेलेल्या जमिनीचं दुःख आहेच, पण फटकारे घरच्यांनाही आहेत : निवडणुकांपायी आपसात झुंजणारे पुढारी, शिक्षणाची हेळसांड, वधूमूल्य घेऊन मुली देणारे बाप. सरकारनं पुस्तक जप्त केलं. १९११ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली आणि त्याच वर्षी सेमिपालातिन्स्कला कवीला अटक झाली.

कवितासंग्रहाच्या पुढच्या वर्षी, १९१० मध्ये आलेली 'बाकितसिझ जमाल' म्हणजे 'अभागी जमाल' ही कझाक भाषेतली पहिली कादंबरी मानली जाते. जमाल शिकलेली, कविता करणारी मुलगी. बाप तिला एका श्रीमंताच्या मठ्ठ मुलाला देऊन टाकतो. ती आवडत्या तरुणाबरोबर पळून जाते, तो आजारानं मरतो, तिला सासरी परत धाडलं जातं आणि तिथल्या छळातून निसटताना हिमवादळात तिचा अंत होतो. या शोकांतिकेत परका अत्याचारी कुणी नाही, सगळी माणसं घरातली आहेत. निव्वळ राष्ट्रवादी प्रचारकानं ही गोष्ट लिहिली नसती. नंतर ओरेनबर्गहून निघणाऱ्या 'कझाक' या साप्ताहिकात अहमेत बायतुर्सिनोव आणि अलीखान बुकेइखानोव यांच्यासोबत तो काम करू लागला. शाळेतल्या मुलांसाठी त्यानं मातृभाषेत अंकगणिताचं पुस्तकही लिहिलं. कवीच्या चरित्रात ते बहुधा तळटीपेत जातं. माझ्या मते ते मधोमध असायला हवं.

दुलातोवच्या या बिनशस्त्र वाटेवरचा सगळ्यात बोचरा आक्षेप १९१६ सालचा आहे. महायुद्धात आघाडीमागच्या मजुरीसाठी १९ ते ४३ वयाच्या पुरुषांना नेण्याचं फर्मान झारनं काढलं आणि मध्य आशिया पेटला. दुलातोवच्याच तोरगाईत अमानगेल्दी इमानोव लढायला उभा राहिला. 'कझाक'च्या मंडळींनी मात्र फर्मान माना, असं सांगितलं. सोव्हिएत इतिहासानं म्हणूनच अमानगेल्दीला वीर केलं आणि यांना लाचार ठरवलं. पण सल्ला कुणाला दिला होता, हे पाहायला नको का? बंदुका नसलेल्या, बायकामुलं आणि जनावरं घेऊन फिरणाऱ्या लोकांसमोर तोफा असलेलं सैन्य होतं. उठाव चिरडला गेला, लाखावर माणसं चीनच्या हद्दीत पळाली. अमानगेल्दीच्या शौर्याला यानं कमीपणा येत नाही. पण ही राखरांगोळी आधीच दिसत असताना गप्प न बसणं यालाही छाती लागते.

दुसरा आक्षेप असा की, डिसेंबर १९१७ मध्ये स्वायत्ततेची घोषणा करणारी 'कझाक'ची ही मंडळी, म्हणजे 'अलाश' पक्ष, यादवी युद्धात बोल्शेविकविरोधी गोऱ्या सेनेच्या बाजूनं गेली. गेली, हे खरंच. पण गोऱ्यांचा सेनानी कोल्चाक याला कझाकांची स्वायत्तता मान्य नव्हती आणि लाल सत्तेनं निदान ती देऊ केली, म्हणून १९१९-२० मध्ये ही मंडळी तिकडे वळली. दोन्ही वेळा मागणी एकच होती, बदलला तो समोरचा पक्ष. सोव्हिएत काळातही दुलातोव शिकवत राहिला, 'एन्बेकशी कझाक' या सरकारी वृत्तपत्रात लिहीत राहिला. तरी १९२८ च्या डिसेंबरात त्याला उचललं. १९३० मध्ये फाशी सुनावली, मग तिच्याऐवजी श्रमछावणीत दहा वर्षांची शिक्षा झाली. १९३५ मध्ये कारेलियातल्या सोस्नोवेत्स इथं त्याचा मृत्यू झाला. तो कैदेत असतानाच सक्तीच्या सामूहिकीकरणानं कझाकस्तानात दुष्काळ ओढवला आणि सुमारे पंधरा लाख माणसं मेली.

त्याची पुस्तकं दडपायला नंतर बंदीचीही फारशी गरज उरली नव्हती. १९२९ मध्ये अरबी लिपी जाऊन लॅटिन आली, १९४० मध्ये सिरिलिक. त्यामुळे जुनी प्रत हाती लागली तरी नातवंडांना ती वाचता येईना. सरकारनं त्याला निर्दोष ठरवलं ते १९८८ मध्ये, आणि १९९२ मध्ये त्याचे अवशेष कारेलियातून मायभूमीत आणले गेले. २०१९ मध्ये कझाकस्तानातल्या तरुणांनी 'ओयान, कझाकस्तान' ही चळवळ सुरू केली. तिचं नाव त्याच्याच पुस्तकावरून आलं, आणि मागण्या होत्या संसदीय प्रजासत्ताकाच्या, निष्पक्ष निवडणुकांच्या, स्थानिक स्वराज्याच्या. या तरुणांनाही पोलिसांनी वेळोवेळी रस्त्यावरून उचललं.