छंद छायाचित्रणाचा : काय टिपावे, कोठे थांबावे

छायाचित्रण हा आमचा व्यवसाय नव्हे, छंद आहे. तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हांस कितपत पोहोचतो, अशी शंका कोणी घेतली तर ती रास्तच म्हणावी लागेल. परंतु छंदाचा एक फायदा असतो. व्यावसायिकाला गिऱ्हाइकाच्या घड्याळाप्रमाणे काम उरकावे लागते. छांदिष्टाला तळ्याच्या पाळीवर दोन तास बसून एकही चित्र न घेता घरी परतता येते. अशा रिकाम्या हातांनी परतण्यातून जे शिकलो, तेच श्रोत्यांपुढे ठेवावयाचे आहे.

हौशी माणसाची परंपरा आपल्याकडे लहान नाही. १८३९ साली दागेरची पद्धत पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि १८५४ साली, म्हणजे अवघ्या पंधरा वर्षांत, मुंबईत छायाचित्रकारांची संस्था उभी राहिली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नावाजलेले हौशी छायाचित्रकार. पेशा वैद्यकाचा आणि नाद कॅमेऱ्याचा. त्या वेळी एका चित्रासाठी काचा, रसायने आणि तिपाई यांचे ओझे वाहावे लागे. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलात आहे. ओझे गेले हे चांगलेच झाले. पण ओझ्याबरोबर थांबण्याची सवयही गेली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

कॅमेऱ्याचे मर्म थोडक्यात सांगता येईल. भिंगामागचे छिद्र किती मोठे ठेवावयाचे आणि पडदा किती वेळ उघडावयाचा, या दोन गोष्टींवर आत येणारा प्रकाश ठरतो. उडत्या बगळ्याचे पंख स्पष्ट हवे असतील तर सेकंदाचा हजारावा भाग पुरे. दरेकशाजवळच्या हाजरा धबधब्याचे पाणी रेशमी पदरासारखे दिसावयास हवे असेल, तर कॅमेरा तिपाईवर ठेवून पडदा अर्धा सेकंद उघडा ठेवावा. फिल्म जाऊन विद्युत्-पटल आले तरी हा हिशेब बदललेला नाही. मात्र कोठे थांबावे हे कोणतेही यंत्र सांगत नाही. ते आम्हांस एका शेतकऱ्याने सांगितले.

आपल्या गोंदिया जिल्ह्याचे भाग्य असे की, महाराष्ट्रात अन्यत्र जवळजवळ नाहीसा झालेला सारस येथे अजून आहे. उडणाऱ्या पक्ष्यांत हा सर्वांत उंच, पुरुषभर उंचीचा. वैनगंगा आणि बाघ या नद्यांच्या काठची धानशेती, बोड्या आणि तलाव हे त्याचे घर. पावसाळ्यात, धान बांधीत उभे असतानाच, तो पाण्यात गवताकाडीचा ढीग रचून घरटे करतो. अंडी बहुधा दोन. नर आणि मादी पाळीपाळीने महिनाभराहून अधिक काळ ती उबवतात.

काही वर्षांमागे रोवणी आटोपल्यावर एका बांधीत असे घरटे असल्याचे आमच्या कानावर आले. आम्ही उत्साहाने धुऱ्यावरून पुढे पुढे सरकलो. घरट्यावरचा पक्षी उठला, जोडीदारासह दूर जाऊन उभा राहिला आणि दोघे ओरडू लागले. आम्ही मात्र आनंदात. उघड्या घरट्यातली अंडी इतकी स्वच्छ दिसत होती! तेवढ्यात शेताचा मालक मागून आला आणि जराही आवाज न चढवता म्हणाला, “भाऊ, तुमी फोटो काढून राहिले अन् कावळे पाहून राहिले.” पाहतो तो शेजारच्या झाडावर खरोखरच दोन कावळे येऊन बसलेले. आम्ही मुकाट्याने मागे फिरलो. बऱ्याच वेळाने सारस परतले. अंडी वाचली, पण ती त्या शेतकऱ्यामुळे. आमच्यामुळे ती जाण्याचीच वेळ आली होती. जिल्ह्यात मोजकेच उरलेल्या पक्ष्याच्या बाबतीत दोन अंडी म्हणजे किती मोठी गोष्ट, हे सांगावयास नको.

त्या दिवसाची चित्रे आम्ही कोणास दाखवत नाही. तेव्हापासून नियम केला आहे : पक्ष्याने चरणे थांबवून मान ताठ केली की आपण फार जवळ आलो असे समजावे आणि मागे सरावे. घरट्याचे चित्र घेऊ नये आणि घरट्याचा ठावठिकाणा कोणास सांगू नये. दुरून घेतलेल्या चित्रात सारस लहान दिसतो हे खरे. पण भोवतीची हिरवी बांधी, पाणी आणि खाली वाकलेल्या बायाही त्यात येतात. सारस कशाच्या आधाराने जगतो, हे तेच चित्र सांगते.

रानातही हाच न्याय. व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यात राहून त्याच नावाचे पुस्तक लिहिले. मारुती चितमपल्ली नवेगावबांधच्या मुक्कामात वर्षानुवर्षे पाखरे न्याहाळत राहिले. दोघांच्याही लेखनाचे बळ आधी पाहण्यात आहे. २०१३ साली ही दोन्ही राने मिळून व्याघ्रप्रकल्प झाल्यापासून वाघाच्या चित्रासाठी धावपळ वाढली आहे. पण ज्याने ऐनाची साल नीट पाहिली नाही, त्याला वाघ दिसूनही फारसे दिसले असे आम्हांस वाटत नाही.

घरच्या प्राण्यांची गोष्ट उलट आहे. तेथे दूर राहून चालत नाही, खाली बसावे लागते. आपण उभ्याने घेतलेल्या चित्रात कुत्र्याची पाठ तेवढी येते. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा आणला की त्याचा स्वभाव येतो. काळे जनावर असेल तर सावलीत, मोकळ्या उजेडाकडे तोंड करून घ्यावे, नाही तर नुसता काळा ठिपका उमटतो. रात्री दिव्याचा झोत टाकू नये. मांजराच्या डोळ्यांतील पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. आमच्या मोत्याची डझनावारी चित्रे आम्ही नीट बसवून घेतली होती. तो गेल्यावर घरातल्यांनी भिंतीवर लावले ते मात्र शेपूट हलल्यामुळे बिघडलेले. “हाच आपला मोत्या,” असे सर्वांचे मत पडले.

जुन्या वास्तू हलत नाहीत, म्हणून त्यांच्या बाबतीत आपण निर्धास्त असतो. हीच चूक. देवळाच्या कोरीव कामावर भक्तिभावाने तैलरंग चढतो, पायरीवर लाद्या बसतात, आणि पूर्वी काय होते हे सांगणारा कोणी उरत नाही. नागऱ्याचे शिवमंदिर आपल्यापासून हाकेच्या अंतरावर. आमगावजवळचे पदमपूर हेच भवभूतीचे पद्मपूर, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे मत होते. अशा ठिकाणी सकाळी किंवा कलत्या उन्हात जावे. तिरपा प्रकाश पडला की झिजलेली रेषही उठून दिसते. भर दुपारी शिल्प सपाट होते. एक चित्र संपूर्ण वास्तूचे, एक जवळून, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून एक, एवढे नेमाने घ्यावे. कचारगडच्या गुहेत माघी पौर्णिमेला गोंड भाविक लांबून येतात. तेथे आपण पाहुणे. विचारल्यावाचून कोणाच्या पूजेवर कॅमेरा रोखू नये.

शेवटी एक साधी विनंती. चित्र घेतल्यावर त्याच्या मागे, किंवा संगणकात त्याच्या नावात, गाव, तालुका आणि तारीख लिहावी. आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, त्यापूर्वीच्या चित्रामागे नुसते “जि. भंडारा” असेल, तर ते गोंदियाचे की साकोलीचे हे आज कोण सांगणार? आज सामान्य वाटणारी बोडी उद्या बुजेल, तेव्हा “येथे पाणी होते, सारस होते” असे म्हणणाऱ्याच्या हाती नाव-गाव असलेले एक चित्र असावे. ते आपण घेतलेले असेल तर उत्तमच. आणि ते घेताना एकही पाखरू घरट्यावरून उठले नसेल, तर त्याहून उत्तम.