एक मॅगझिन असंही!

दोस्तांनो, तुमच्या हातात आत्ता जे आहे त्याला आपण मॅगझिन म्हणतो. पण आफ्रिकेतल्या घाना देशात, कुमासी शहरात तुम्हाला कुणी म्हणालं, "चल, मॅगझिनमध्ये जाऊ," तर काहीतरी वाचायला मिळेल म्हणून खूश होऊ नका! तिथे दिसतील उघडी बॉनेटं, साखळीला टांगलेली इंजिनं, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि ऑइलने माखलेल्या कपड्यांतली हजारो माणसं.

या वस्तीचं पूर्ण नाव 'सुआमे मॅगझिन'. मॅगझिन या शब्दाचा जुना अर्थ कोठार. लष्कराच्या दारूगोळ्याच्या कोठारालाही मॅगझिनच म्हणतात आणि त्यावरूनच या वस्तीला हे नाव पडलं, असं तिथले लोक सांगतात. गंमत म्हणजे हा शब्द मूळचा अरबी. आपला 'खजिना' हा शब्दही त्याच अरबी मुळापासून आलेला. म्हणजे मॅगझिन आणि खजिना हे दूरचे भाऊच की!

सुआमेत खजिना आहे तो हातातल्या विद्येचा. गॅरेजं, लोहारकामाची दुकानं, ओतकामाच्या भट्ट्या, सुट्या भागांच्या टपऱ्या असं हजारो दुकानांचं हे जंगल आहे. इथे लाख-दोन लाख माणसं काम करतात, असे अंदाज आहेत. पश्चिम आफ्रिकेतल्या अशा सर्वांत मोठ्या वस्त्यांपैकी ही एक. आणि या इतक्या माणसांतले बहुतेक जण आपलं काम शाळा-कॉलेजात शिकलेलेच नाहीत. मग शिकले कुठे? तीच तर आजची गोष्ट!

बाटली, साक्षीदार आणि शब्द

समजा, कुमासीतला एक पंधरा वर्षांचा मुलगा आहे. त्याला आपण कोफी म्हणू. तिथल्या अकान लोकांत जन्मवारावरून नाव ठेवायची पद्धत आहे. शुक्रवारी जन्मला तो कोफी. (संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस कोफी अन्नान आठवतात ना? त्यांचा जन्मही कुमासीचाच, १९३८ सालच्या एप्रिलमधल्या एका शुक्रवारचा.)

आपल्या कोफीने सहा वर्षं प्राथमिक आणि तीन वर्षं पुढची शाळा केली. पण त्याचं मन रमतं गाड्यांत. मग त्याचे वडील किंवा मामा त्याला घेऊन एका उस्तादाकडे जातात. घानात मोटार दुरुस्त करणाऱ्याला 'फिटर' म्हणतात. आपला फिटर कारखान्यात असतो, त्यांचा गॅरेजमध्ये!

बोलणी होतात. किती वर्षं शिकायचं? साधारण तीन ते चार. पैसे किती? हो, इथे शिकणाराच उस्तादाला पैसे देतो. काही रक्कम सुरुवातीला, काही शिक्षण संपताना. जुन्या रिवाजाप्रमाणे एक मद्याची बाटलीही द्यायची असते. त्यातले चार थेंब पूर्वजांच्या नावाने जमिनीवर शिंपडतात आणि साक्षीदारांसमोर शब्द दिला जातो. कधी कागद होतो, कधी होतही नाही. पण पूर्वजांना साक्षी ठेवून दिलेला शब्द मोडणं सोपं नसतं.

त्या दिवसापासून कोफी शागीर्द. पगार नाही. दिवसाच्या जेवणापुरते पैसे उस्ताद देतो. पहिले कित्येक महिने काम काय? दुकान झाडायचं, पाने पुसून ठेवायचे, पाणी आणायचं, निरोप पोचवायचे. तुम्ही म्हणाल, ही काय विद्या झाली? पण कोफीचे डोळे रिकामे नसतात. कुठला पाना कुठल्या नटाला लागतो, उस्ताद इंजिन उघडताना आधी काय सोडवतो, हे सगळं तो टिपत असतो. "बारा नंबर दे" म्हटल्यावर न बघता बारा नंबरचा पाना हातात ठेवता आला, की पहिली इयत्ता पास!

कानाने शिकायची विद्या

चार सिलेंडरचं पेट्रोल इंजिन आचके देत चाललंय. एक सिलेंडर नीट काम करत नाही, हे उघड आहे. पण चारातला कोणता?

जुन्या गाड्यांसाठी फिटरची युक्ती साधी असे. इंजिन चालू ठेवायचं आणि स्पार्क प्लगच्या वायरी एकेक करून काढून पाहायच्या. चालू सिलेंडरची वायर काढली की इंजिनाचा आवाज लगेच बदलतो, ते आणखी अडखळतं. पण एखादी वायर काढूनही आवाजात काहीच फरक पडला नाही तर? चोर सापडला! तो सिलेंडर आधीपासूनच मेलेला होता.

हे पुस्तकात दोन ओळींत लिहिता येतं. पण 'आवाज बदलला' म्हणजे नेमका कसा, ते कानालाच शिकावं लागतं आणि कानाला शिकवायला वर्षं लागतात.

चौथ्या वर्षाअखेर उस्तादाची खात्री पटली की समारंभ होतो. उरलेले पैसे दिले जातात, प्रार्थना होते, जेवण होतं, शागिर्दाच्या अंगावर पांढरी पावडर उधळतात. अकान लोकांत पांढरा रंग विजयाचा आणि आनंदाचा. आपण गुलाल उधळतो ना, तसंच! आता कोफी स्वतःचं दुकान थाटायला मोकळा.

नट-बोल्टही मिळेनात!

घाना स्वतंत्र झाला १९५७ साली. पण १९७०च्या दशकात देशाची परिस्थिती फार बिघडली. परकीय चलन संपत आलं, परदेशातून सुटे भाग येईनात. साधे नट-बोल्ट मिळायचीही मारामार! अशा वेळी गाड्या चालू ठेवल्या त्या सुआमेतल्या कारागिरांनी. एका गाडीचा भाग घासूनपुसून दुसरीला बसव, मोडक्या ट्रकच्या पोलादातून नवा भाग घडव, भंगार अॅल्युमिनियम वितळवून वाळूच्या साच्यात ओत, असं करत त्यांनी दिवस काढले.

कुमासीत एक मोठं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. तिथल्या तंत्रज्ञान सल्ला केंद्राला वाटलं, हे लोक आपल्याकडे येणार नाहीत, तर आपणच त्यांच्याकडे जावं. म्हणून १९८० साली त्यांनी सुआमेतच एक कार्यशाळा उघडली. कारागिरांनी तिथे लेथसारख्या यंत्रांवर काम शिकायचं आणि पुढे हप्त्याने स्वतःचं यंत्र घ्यायचं. या केंद्राचे प्रमुख जॉन पॉवेल यांनी या कारागिरांवर १९९५ साली एक पुस्तक लिहिलं. त्याचं नाव 'द सर्व्हायव्हल ऑफ द फिटर'. डार्विनच्या संदर्भात नेहमी येणारं 'सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट' तुम्ही ऐकलं असेल, त्यावरची ही कोटी!

२०१३ साली तर सुआमेकरांनी आणखी कमाल केली. नेदरलँड्समधून आलेल्या एका कलाकाराबरोबर त्यांनी जुन्या भागांतून एक आख्खी गाडी बनवली, अवघ्या तीन महिन्यांत! तिचं नाव 'टर्टल १', म्हणजे कासव. आफ्रिकेतल्या रस्त्यांवर टिकेल अशी दणकट आणि फिटरला सहज दुरुस्त करता येईल अशी साधी.

कान कमी पडतात तेव्हा

आता गोष्टीची दुसरी बाजूही बघू. ही पद्धत सगळी गोडगोड नाही.

पहिली अडचण, उस्तादाला येतं तेवढंच शिकायला मिळतं. उस्ताद चांगला असेल तर नशीब. नाहीतर चार वर्षं झाडूच हातात! सुआमेत कामांची वाटणीही बारीक आहे. कुणी फक्त गिअरबॉक्स बघतो, कुणी फक्त पत्रा ठोकतो. मग शागिर्दाला तेवढंच एक काम येतं.

दुसरी अडचण मुलींची. मुली शिवणकाम किंवा केशरचना शिकायला जातात. गॅरेजमध्ये त्या फारच थोड्या दिसतात. त्यांना ते जमणार नाही असं नाही. पण दारातच "तू इथे कशी?" असं विचारलं जातं.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. आजच्या गाडीत इंधन किती सोडायचं, ठिणगी केव्हा पाडायची, हे छोटा संगणक ठरवतो. ठिकठिकाणी सेन्सर असतात. बिघाड झाला की संगणक एक सांकेतिक क्रमांक नोंदवून ठेवतो. तो वाचायला वेगळं उपकरण लागतं आणि त्याचा अर्थ कळायला इंग्रजीतलं माहितीपुस्तक. ज्याने वीस वर्षं नुसत्या कानावर काम केलं, तो इथे अडखळतो. आणि ज्याला कोफीसारखी नऊ वर्षं शाळा मिळाली, तो शागीर्द उस्तादाला स्क्रीनवरचं वाचून दाखवतो!

बघा हं, शाळा आणि गॅरेज यांच्यात भांडण आहे असं आपल्याला वाटतं. पण त्या बॉनेटखाली दोघांचीही गरज लागते. कानाशिवाय स्क्रीन अर्धवट आणि स्क्रीनशिवाय कान.

म्हणूनच घानात आता अशा विद्येला सरकारी मान्यता द्यायची सोय केली आहे. तिथल्या तंत्रशिक्षणाची आठ पायऱ्यांची एक शिडी आहे. सर्वांत खालच्या दोन पायऱ्या कारागिरांकडे शिकणाऱ्या मुलांनाही चढता येतील अशा आहेत आणि सर्वांत वरची पायरी आहे डॉक्टरेटची! २०२०च्या कायद्याने हे सगळं एका आयोगाकडे सोपवलं. खालून वरपर्यंत किती जण चढतील, हा प्रश्न आहेच. पण आधी शिडीच नव्हती.

आणि आपल्या नाक्यावर?

कुमासी लांब आहे, पण नाक्यावरचं गॅरेज जवळ आहे. तिथेही एक उस्ताद असतो आणि 'ए पोऱ्या' अशा हाकेला धावणारा एक मुलगा असतो. आपल्याकडे १९६१ पासून अप्रेंटिसचा कायदा आहे. त्यात शिकणाऱ्याने पैसे द्यायचे नसतात, उलट त्यालाच दरमहा विद्यावेतन मिळतं. आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर असे कितीतरी ट्रेड शिकता येतात. पण नाक्यावरचा तो मुलगा सहसा यातल्या कशातच नसतो. त्याची विद्या फक्त त्याच्या हातात असते. कागदावर तो कुणीच नसतो.

हेही लक्षात ठेवा, की चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं आपल्याकडे गुन्हा आहे आणि अठरापर्यंत धोक्याच्या कामाला लावायचं नाही. शिकणं वेगळं आणि लहान वयात राबवून घेणं वेगळं. आठ-दहा वर्षांचा मुलगा गॅरेजमध्ये दिसला, तर त्याला शागीर्द म्हणून आपण आपली फसवणूक करून घेऊ नये.

दहावीनंतर तुमच्यापैकी काहींना घरी विचारलं जाईल, "सायन्स की कॉमर्स?" एखादा हळूच म्हणेल, "मला आयटीआय करायचंय." तेव्हा घरात क्षणभर शांतता पसरेल. मार्क कमी पडले म्हणूनच तिकडे जायचं, असं आपण उगीच ठरवून टाकलंय. त्या शांततेत घाबरू नका. सुआमेतल्या माणसांनी एका देशाच्या गाड्या पडत्या काळात चालू ठेवल्या, हे त्यांना सांगा.

आणि पुढच्या वेळी सायकलचं पंक्चर काढायला जाल, तेव्हा नुसते पैसे देऊन निघू नका. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधणाऱ्या त्या काकांना विचारा, "काका, तुम्ही हे कुणाकडून शिकलात?"

ते हात पुसतील, जरासं हसतील आणि आपल्या उस्तादाचं नाव सांगतील. ते नाव कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. म्हणून नीट ऐका.