पासवर्ड बरोबर होता

नानांनी चौथ्यांदा वायफायचा पासवर्ड टाकला. चक्र फिरत राहिलं आणि तीच खिडकी परत समोर आली. "अरे, राउटरच्या पाठीमागे छापलाय तोच टाकतोय की! मोबाइलला चालतो, मग याला काय झालं?"

अशा वेळी मी पासवर्डला हात लावत नाही, आधी नोंदी वाचतो. नानांच्या लॅपटॉपवर उबंटू लिनक्स आहे. टर्मिनल उघडून सिस्टमचं जर्नल काढलं. त्यात ओळ होती: फोर-वे हँडशेक फसला, किल्ली चुकीची 'असू शकते'.

हे 'असू शकते' अगदी प्रामाणिक आहे. डब्ल्यूपीए-२ या वायफायच्या सुरक्षापद्धतीत पासवर्ड हवेतून जातच नाही. लॅपटॉप आणि राउटर आपापल्या जागी पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव घेऊन त्यांवर ४०९६ वेळा गणित करतात, त्यातून २५६ बिटांची किल्ली काढतात आणि आपल्याकडे ती आहे याचा पुरावा तेवढा एकमेकांना देतात; हाच तो हँडशेक. पुरावा जुळला नाही तर नेमकं कोणतं अक्षर चुकलं, हे राउटरलाही सांगता येत नाही. सिग्नल क्षीण असला तरी हँडशेक अर्ध्यात तुटतो, आणि माणसापुढे येते ती पासवर्डचीच खिडकी.

इथे राउटर त्याच खोलीत होता. साठवलेलं जुनं कनेक्शन पुसून टाकलं आणि म्हटलं, "नाना, आता सावकाश टाका, पण कनेक्ट दाबू नका." टिंबं उमटत गेली. मग शेजारच्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक केलं, तर चौकटीत सगळी देवनागरी! नाना सकाळपासून लेख टाइप करत होते. कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवरच राहिला होता. बोटं बरोबर कळांवर पडत होती, अक्षरं दुसरीच उमटत होती. पासवर्डची लांबी ८ ते ६३ अक्षरांच्या मर्यादेत बसत होती, म्हणून कनेक्टचं बटणही अडलं नाही.

कीबोर्ड इंग्रजीवर घेतला आणि जोडणी लगेच झाली.

कोणता कीबोर्ड चालू आहे, हे त्या चौकटीतच दिसायला हवं, असं माझं ठाम मत आहे. तोवर, लिनक्सवर मराठी लिहिणाऱ्यांनो, राउटर रीसेट करण्याआधी एकदा त्या डोळ्यावर क्लिक करून बघा.