कांट्यानें कांटा

कांट्यानें कांटा काढावा, ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. प्रतिद्रव्यानें प्रतिद्रव्य हुडकण्याची अशीच एक युक्ति आम्ही येथें सांगणार आहों.

शरीरांत परकें द्रव्य शिरलें, कीं त्याच्याशीं झुंजणारीं प्रथिनें रक्तांत उत्पन्न होतात. त्यांस प्रतिद्रव्यें म्हणतात. आईचें रक्त 'ऱ्हीसस निगेटिव्ह' व गर्भाचें 'पॉझिटिव्ह' असलें, तर कधीं कधीं आईचीं हीं रक्षक द्रव्येंच बाळाच्या तांबड्या पेशींचा नाश करूं लागतात. पेशींस चिकटलेले हे अदृश्य शत्रू ओळखावे कसे?

इ. स. १९४५ मध्यें कूम्ब्स, मूरंट व रेस ह्या इंग्लंडांतील शास्त्रज्ञांनीं मार्ग दाखविला. मनुष्याच्या रक्तांतील ग्लोब्युलिन हें प्रथिन सशास टोंचलें, म्हणजे सशाच्या रक्तांत त्याविरुद्ध प्रतिद्रव्य तयार होतें. आईचें प्रतिद्रव्यही ग्लोब्युलिनच. म्हणून बाळाच्या पेशी स्वच्छ धुऊन त्यांत सशाचें रक्तजल मिसळलें, कीं चिकटलेलीं प्रतिद्रव्यें पकडलीं जातात, पेशी एकमेकींस सांधल्या जातात व त्यांचे पुंजके दिसूं लागतात.

रोग्यास रक्त देण्यापूर्वीं तें जुळतें कीं नाहीं, हें पाहण्यासही ही परीक्षा आजतागायत उपयोगी पडते. गरोदर मातेचा रक्तगट वेळींच पाहून घ्यावा, अशी पालकांस आमची विनंती आहे; विद्यार्थ्यांनीं त्या मुक्या सशाचे उपकार विसरूं नयेत.